कॉन्फरन्सची खुर्ची

नंदुरबारच्या स्टँडवर दगूबाई एसटीची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर दोन शेतकरी बोलत होते.

“पितांबर आबा, कॉन्फरन्स म्हंजे काय हो?”

“साहेबलोकसनी सभा.”

“मंग सभाच म्हना ना!”

“सभामा आपले सतरंजीवर बसाडतस. कॉन्फरन्समा खुर्ची देतस, चहा पाजतस.”

“मंग चांगलंच शे ना!”

“आम्हले बी तसंच वाटनं. दुसरा दिवसले चुनानी रेघ मारी गयात. नवा धरणनं पानी त्या रेघपर्यंत चढी म्हने.”

“कोठे मारी रेघ?”

“मारुतीना कळसवर.”

दगूबाईने मागे वळून पाहिलं. सकाळीच कोतवाल तिच्या दारात आला होता. “उद्या आपला गावमा कॉन्फरन्स शे,” म्हणाला होता.

घरातली एकुलती खुर्ची तिने पदराने पुसून दिली होती.