मिक्सर पारखायला गेलतो तवा

आमी मेंढरावाले, सर. लिंबागणेशाकडून आत माळाला गेलं की आमची वस्ती लागती. आजा मेंढरं राखायचा, आबा मेंढरं राखायचे, आबा म्हंजे माजे वडील, आन् मी बी चालाया लागल्यापून मेंढरामागंच. तुमी असे समोर बसा, तोंड दिसंल असं, आन् मोठ्यानं बोलू नका, जाड आवाजात बोला. लोकाला वाटतं ह्याला कमी ऐकू येतं, म्हून वरडत्यात. तसं न्हाई ते. जाड आवाज मला तुमच्याइतकाच येतो, बारीक येत न्हाई. ते कसं झालं ते सांगतो, पन त्याच्या आदी मेंढराचं सांगावं लागंल.

आबाच्या कळपात थोड्याच मेंढ्यायच्या गळ्यात घंट्या असायच्या, बारक्या बारक्या, आन् दर घंटीचा आवाज येगळा. पितळंची येगळी, पत्र्याची येगळी, तडा गेलेली येगळी. आबा लिंबाखाली डोळे मिटून पडायचे आन् पडल्या पडल्या म्हनायचे, नवन्या, बांडी मेंढी वर सरकली, तुरीत शिरंल बग. मी पळत जायचो तर बांडी तुरीच्या बांधावर उभी. मला वाटायचं सगळ्यालाच असं ऐकू येतं. पुढं कळलं की न्हाई येत. मला यायचं, आबासारखंच यायचं, ते मी काही शिकलो न्हाई, ते मेंढरामागं फिरून फिरून आपोआप कानात बसलं.

मंग डीजेचं याड लागलं. आदी दुसऱ्याच्या गाडीवर वायरी जोडायला जायचो, मंग मी आन् दत्तानं मिळून आमचंच सामान केलं. दत्ता म्हंजे माज्या बायकोचा, सुनंदाचा धाकटा भाऊ, माजा मेव्हना. टेम्पो तेचा, कान माजा, असं आमी म्हनायचो. हळदी, वराती, जत्रा, वडवनीपून गेवराईपतोर कुठं बी जायचो. मी आवाज एवढा साफ लावायचो की म्हातारी मानसं बी शिव्या न घालता बसायची. आता तुमाला खोटं वाटंल, पन बसायची.

त्याच्यातून मला दुसरंच एक काम लागलं. कुनाला मिक्सर घ्यायचा असला की मला संगं न्यायचे. बैल घ्यायला बाजारात जाताना जाणता मानूस संगं नेत्यात का न्हाई, तसं. मिक्सर म्हंजे सगळी गानी जिथं येऊन मिळत्यात ती पेटी. निम्मी पोरं तर ती लाइटी बगून घेत्यात, किती निळी लागती, किती लाल लागती. मी म्हनायचो, अरे बे, लाइटी बगायच्यात तर देवीच्या मांडवात जा. मी मिक्सर मुका असताना बगायचो. काही लावायचं न्हाई, नुसता सगळा आवाज चढवायचा आन् ऐकायचं की आतून सूं येतंय का. सूं आलं की मी उठायचो. मंग वर खाली करायच्या दांड्या सरकवायच्या, खरखर येती का बगायचं. मंग फिल्टर. फिल्टर म्हंजे समजा पिठाची चाळनी. बटन डावीकडं फिरवलं की बारीक आवाज गळून जातो, जाड ऱ्हातो. उजवीकडं फिरवलं की जाड जातो, बारीक ऱ्हातो. चांगल्या मिक्सरात हे लोणी कापल्यागत होतं, भंगार असला की मधीच गचका बसतो. आन् शेवटी मिडी. मिडी म्हंजे आवाज न्हाई, नुसता हुकूम. मिक्सरचं बटन फिरवलं की हुकूम वायरीतून लॅपटॉपला जातो आन् तिथलं बटन फिरतं, लाइटी बी फिरवता येत्यात त्याच्यावर.

आन् फिल्टर पारखायला मी गानं लावायचो न्हाई. गान्यात काय बी लपतं. मी आबाचा कळप लावायचो. हसू नका, खरंच. मोबाइलवर भरून ठेवलेला व्हता, कळप सांजचं घरी येताना, खुरायचा आवाज, आबाचं हुर्र हुर्र आन् घंट्या. ते मला तोंडपाठ, कुठं बांडीची घंटी येती, कुठं तडकलेली येती. डावीकडं फिरवलं की घंट्या जायच्या आन् नुसते खुरं ऱ्हायचे. उजवीकडं फिरवलं की खुरं जायचे, आबा बी जायचे आन् नुसत्या घंट्या ऱ्हायच्या. त्या नुसत्या घंट्या ऐकून मी सांगायचो, घ्या नायतर ठेवा. माजं म्हननं कुनी मोडत नव्हतं.

पुढं आमचा सोताचा मिक्सर उतरला. म्हंजे मला वाटलं उतरला. फिल्टर कमी कमी व्हाया लागला, उजवीकडं फिरवलं की आवाज लवकरच मरायचा, गानी बी झाकल्यागत लागायची, तोंडावर गोधडी घेऊन कुनी गातंय असं. मी बारीक आवाज वर चढवायचो. लोक म्हनायचे, आवाज टोचतोय, नवनाथ. मी म्हनायचो, मिक्सर गेलाय. दत्ताला म्हनलं, ह्याच्यावर आपलं नाव जाईल, नवा घेऊ, फिल्टरचा, मिडीचा, चांगला धंदेवाल्यायचा घेऊ. दत्ता म्हनला, बरं दाजी. तो जास्ती बोलतच न्हाई.

बीडाला मोंढ्याकडं एका आप्पाचं दुकान हाय, स्पीकर, मायक, मिक्सर समदं ठेवतो. कपाळाला भस्माचे पट्टे, गल्ल्यावर म्हादेवाचा फोटो, मानूस सरळ. मी त्याच्या दुकानात कैक जनाला घेऊन गेलतो, म्हून गेलं की आदी चहा. त्या दिशी बी चहा झाला. आप्पानं नवा मिक्सर टेबलावर मांडला, म्हनला, नवनाथराव, तुमी पास केला की मी बिनघोर इकतो. दुकानात आनखी दोन चार गिऱ्हाइकं व्हती, ती बी जवळ सरकली, मी मिक्सर पारखताना लोक बगत उभे ऱ्हायचे, मला ते आवडायचं बी, कावून खोटं बोलू.

सूं ऐकलं, काही सूं न्हाई. दांड्या सरकवल्या, मऊ. मंग कळप लावला. खुरं आले, आबा आले. फिल्टर डावीकडं, खुरं साफ. मी मान हलवली. मंग उजवीकडं फिरवला, हळूहळू, खुरं गेले, आबाचं हुर्र पातळ झालं, गेलं, आन् मंग काहीच न्हाई. मी बटन तसंच धरून उभा. म्हनलं आता घंट्या येतील. न्हाईच. मी म्हनलं, आप्पा, ह्याचा फिल्टर मेलेला हाय, सगळंच कापतोय. आप्पानं आतून दुसरा पेटीबंद आनला, त्याच जातीचा मिक्सर. तेच. खुरं, आबा, आन् मंग काही न्हाई. मी म्हनलं, हा मालच खराब आलाय आप्पा, परत धाडा, मी सांगतो कुठं चूक हाय ते, मिडीत दिसंल.

आन् मीच लॅपटॉपची वायर जोडली, सर. कुनी सांगितलं नव्हतं. आप्पाला दाखवायचं व्हतं ना मिक्सरची चूक. बटन फिरवलं, स्क्रीनवरचं बटन तेवढंच फिरलं, जराबी मागं पुढं न्हाई. हुकूम बराबर जातोय. मंग मिक्सरवर आवाजाच्या त्या हिरव्या पट्ट्या असत्यात, आवाज आला की उड्या मारत्यात, त्या बगितल्या. फिल्टर सगळा उजवीकडं व्हता, माज्या कानात काहीच नव्हतं, आन् पट्ट्या उड्या मारत व्हत्या. बारक्या बारक्या उड्या. मला ती चाल वळखू आली. ही बांडी, ही तडकलेली, मधी जरा थांबून परत बांडी. मला घंट्या दिसत व्हत्या.

मी वर बगितलं. समदे माज्याकडं बगत व्हते. आप्पा लई हळू बोलला, मला त्याच्या ओठावरूनच कळलं, म्हनला, नवनाथराव, घंट्या वाजायलेत.

काय सांगू तुमाला. मानसाला अशा टायमाला काहीतरी वाटाया पाहिजे. रडू यावं, राग यावा, लाज तरी वाटावी. मला काहीच वाटलं न्हाई. मी आवाज बंद केला, वायर काढून गुंडाळली, नीट गोल गुंडाळली, आन् म्हनलं, मिक्सर चांगला हाय आप्पा, दत्ता, घेऊन टाक. दत्तानं घेतला. मंग आमी भजी खाल्ली स्टँडाकडं. मला भज्याची चव बी आठवती, मीठ जास्ती व्हतं.

येताना टेम्पोत दत्ता म्हनला, दाजी, तुमी बारीक आवाज चढवायचे तवा मी मागून उतरवत व्हतो. मी म्हनलं, कवापून. म्हनला, लई दिसापून. मी म्हनलं, सांगितलं कावून न्हाई. तो म्हनला, तुमाला कसं सांगू, तुमीच तर कान. आन् गाडी चालवत ऱ्हायला. त्याच्यावर बी मला राग आला न्हाई. खिडकीतून बगत बसलो, कापसाची रानं सरकत व्हती.

सुनंदानं धरून डाक्टरकडं नेलं. तिथं कानाला झाकनं लावून एका खोलीत बसवलं, हातात बटन दिलं, म्हनले आवाज आला की दाबा. पयले पयले आवाज आले, जाड, मी दाबलं. मंग मी वाट बगत बसलो. बसलो, बसलो. तिथली बाई आली आन् झाकनं काढाया लागली. मी म्हनलं, म्याडम, पुढचं लावा की. ती म्हनली, लावून झालं दादा. डाक्टर म्हनले, आवाजाच्या कामानं असं होतं, गेलेलं येत न्हाई, ऱ्हायलेलं सांभाळा. कानाला मशीन बसवली, ती बी हाय, पन तिच्यात घंट्या पत्र्यावर खडे टाकल्यागत येत्यात, बांडी कोनती कळत न्हाई. बोलनं बी तसंच खडखडतं, म्हून लावतच न्हाई.

वाईट कशाचं वाटतं इचारता, तर माजी पोरगी हाय बारकी, तिचा आवाज बारीक. ती दारातून काहीबाही सांगत येती आन् मी तिच्या तोंडाकडं बगून हां हां म्हनतो. तिला कळलंय, ती आता आदी समोर येऊन उभी ऱ्हाती, मंग बोलती. त्याचं वाईट वाटाया पाहिजे, मला म्हाईत हाय वाटाया पाहिजे ते. आत कुठंतरी असंल. हाताला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तर कळतं ना की चिमटा काढलाय, पन दुखत न्हाई, तसं झालंय.

मिक्सर आता दत्ता वाजवतो. कधी लाइटीला मानूस कमी पडला तर मी जातो, मिडीवर लाइटी फिरवतो, ते बगून जमतं, त्याला कान लागत न्हाई, लांब उभा ऱ्हातो. लाइटीवर हसनारा मी, आता लाइटीच सांभाळतो. बाकी दिस मेंढरं. आबाचे गुडघे गेले, ते आता दारात बसून असत्यात, कळप माज्याकडं आला.

पयल्या दिसात लई ताप झाला. मेंढरं झुडपामागं गेली की मला पत्ताच लागायचा न्हाई. एकदा निम्मा कळप एकाच्या हरभऱ्यात, त्यानं मला गचांडीला धरलं, म्हनला बहिरा झालाय का बे. मी म्हनलं, हां. त्या बिचाऱ्यानं गचांडी सोडली. घरी हे मी कुनाला सांगितलं न्हाई, पन आबाला कोनी सांगितलं देव जाने.

दुसऱ्या दिशी सकाळी मेंढराच्या वाड्यात गेलो तर आबा गुडघ्याला फडकं बांधून एडक्यापाशी बसलेले. कळपाच्या पुढं चालतो तो एडका, तेच्या गळ्यातली बारकी घंटी काढलेली आन् तिथं बैलाची घंटा बांधत व्हते, आमच्या मेलेल्या बैलाची, जाड, नारळाएवढी. मी म्हनलं, आबा, एडक्याला बैलाची घंटा कावून. आबा माज्याकडं न बगता म्हनले, एडका म्हातारा झालाय, हरवतो. एडका जवान हाय, सर. गेल्या साली तर घेतला. आबालाच घेऊन दिलता म्या.

मी मेंढरं सोडली. झाडी लागली, एडका आत गेला, दिसंनासा झाला. आन् धोंग, धोंग, असा जाड आवाज आला. मी उभाच ऱ्हायलो. छातीत काहीतरी हाललं, एवढं खरं, लई दिसानं हाललं. बांडी कुठंय ते आता बी कळत न्हाई, पन एडका कुठंय ते कळतं, आन् एडका जिथं तिथं सगळी. आबा त्या दिशी दारात बसून घंट्या ऐकत असतील, समद्या, बारक्या बी. त्यांना अजून येत्यात.

चला, मेंढरं सोडायचा टाइम झाला. तुमचे कान देवानं असेच ठेवावेत, सर. पोरगी काहीतरी म्हनायली बगा दारात, काय म्हनली, सांगता का जरा, जाड आवाजात.