गॅरेजातली साक्ष

नको गो बाय, तो माइक नको लावू माझ्या शर्टाला — बस त्या कदेलीवर, खुर्चीवर, तुला सांगतो, कॅमेऱ्याला नाय. तुमच्या प्रार्थनेच्या चॅनेलचा इतिहास पायजे ना? दहा वर्षं झाली म्हणून फिल्म करताय — करा. ब्रदरनी, तुमच्या त्या प्रवचनवाल्यांनी, काय सांगून धाडलंय तुला? प्रार्थनेतून उभं राहिलं? माझ्या गॅरेजातून उभं राहिलं गो ते! शिरगावची खाण बंद पडली, माझा टिपर दारात गंजत उभा, गॅरेज रिकामं — ब्रदर आले, गोड बोलले, मी भाड्यानं दिलं. तो निळा पडदा तुमचा, अजून स्क्रीनवर दिसतो तो, तो भिंतीवरचे ऑइलचे डाग झाकायला लावलेला. पाठी माझे टायर होते.

आणि रेकॉर्डिंग कधी? रविवारी सकाळी! आता सांग, इथले ख्रिश्चन रविवारी सकाळी कुठं असणार? चर्चात, मिसेला, त्यांच्या रविवारच्या प्रार्थनेला. मग तुमच्या ब्रदरसमोर बसणार कोण? आम्ही — सावंतवाडीकडचे ड्रायव्हर, बेळगावचे गवंडी, आमच्या बायका. कुंकू दिसू नये म्हणून बायकांनी पदर कपाळावर ओढायचा, हात वर करायचे, डोळे मिटायचे. आम्हाला गंमत वाटायची — रिकामेच होतो, चहा-पाव मिळायचा, टीव्हीवर आपलं तोंड दिसायचं. आणि देवाचं नाव घ्यायला काय जातंय? मला देवाची शिसारी नाय गो. माणसांची येते.

रत्ना माझी बायको — हो, तीच, तुमच्या त्या साक्षीतली. खाणीच्या धुळीनं तिला दम लागलेला, पंप ओढायची. ब्रदर म्हणाले, बरी झालीस असं सांग. तिला वाटलं, दशावतारासारखंच हे, सोंग घ्यायचं नि उतरवायचं. पण अशी बोलली, अशी बोलली — समोरचे गवंडी रडले. आणि मग टीव्हीवर लागलं की ते, रोज चार वाजता! डिचोलीच्या बाजारात बायका तिला हात लावून बघायला लागल्या. झालं, पंप पिशवीत राहिला. 'अहो, सगळ्यांनी ऐकलंय, आता ओढला तर खोटी पडेन मी' — हे मला म्हणायची, मला! एकदा पेडण्याची एक बाई आपली आजारी पोर घेऊन आली. दुपारभर बसली. रत्ना पोरीचा हात धरून बसलेली, ओठ काळेनिळे — आणि पंप आत, स्वयंपाकघरात, फळीवर. दहा पावलं नाय गो! त्या बाईसमोर उठली नाय ती. मी घरी आलो, रिक्षा आणली, रिक्षा दारात येईपर्यंत संपलं होतं.

ब्रदरना मी सांगितलं, आता तरी ते बंद करा. काय म्हणाले ठाऊक? 'सखाराम, तिच्या साक्षीनं अजून लोक बरे होतायत.' मेलेल्या बाईला उभी करून रोज वदवतात, दम गेला, दम गेला — थू! तोंड कडू होतं माझं. आणि आता त्यातपण कापाकापी — शेवटी ती पदर सारखा करते, मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा होतो, माझ्याकडं बघून हसते, तेवढंच गेल्या महिन्यापासून कापलंय. जाहिरातीला जागा हवी म्हणून? कित्याक, का म्हणून कापलं?

मी? मी कित्याला बघू ते? टीव्ही चालू असतो, दिसतं. चहा पिताना. कधी कधी.

फोन कोणाला लावतेस? ऑफिसला? — काय, रत्नाची साक्ष आजपासूनच बंद करायला सांगतेस? तू सांगितलंस तर ऐकतील ते? ऐकतील. बरं... बरं झालं. सांग, सांग.

थांब. ठेव तो फोन. ठेव म्हणतो ना!

ते कापलेलं, हसण्याचं — ते असेल का गो तुमच्याकडं कुठं?

जा तू आता. ऊठ. चार वाजत आले, माझं काम आहे. टीव्हीसमोरनं बाजूला हो आणि जा.