रीळ आणि दोन निळ्या बॅगा

सगळ्यात आधी लोडर आला, हे आधी लिहून घ्या, कारण माझ्या मुलाच्या तक्रारीत ‘दोन अनोळखी इसम एकदम घुसले’ असं आहे आणि ते साफ चुकीचं आहे. नाव म्हणाल तर वसाहतीत मला सगळे विमानआजी म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, धंदा घरकाम, राहणार विमानतळामागची वसाहत, तळमजला. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझे यजमान विमान कंपनीत होते. उतरलेलं विमान दोन्ही हातांतल्या फळ्या हलवून जागेवर आणून उभं करायचं, हे त्यांचं काम. ती कंपनी आता राहिली नाही. पण आमच्या कपाटात तिची पत्र्याची खेळण्यातली विमानं आहेत, प्रवासात पोरांना वाटायची ती रंगवायची पुस्तकं आहेत, आणि कंपनीनं स्वतःवर काढलेल्या फिल्मचं एक रीळ आहे. त्यात यजमान आहेत. फोटो आहेत त्यांचे, पण हलताना ते तेवढ्यातच. मी ती एकदा पाहिली, कंपनीच्या हॉलमध्ये, तेव्हा मुलगा पोटात होता. तो पाळण्यात असताना ते गेले. रीळ लावायचं यंत्र घरात कधी नव्हतंच.

तर काल दुपारी लोडर आला. कंपनीत सामान चढवायचा, आता पाठीत वाकलाय. त्याच्यामागून हवाईताई. ही विमानात चहा द्यायची, अजून ओठ रंगवते आणि तिला शोभतं. दोघांना इतक्या वर्षांनी बघून मला काय करू नि काय नको झालं. लोडरनं एका विमानाचा वाकलेला पंख मांडीवर घेऊन सरळ केला. ताईनं पुस्तकं चाळली. एका पानावरच्या हवाई सुंदरीला माझ्या मुलानं लहानपणी हिरव्या मिशा काढल्यात. ताई म्हणाली, ही मीच. आम्ही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

रीळ लावायला म्हणून ताईनं खास यंत्र आणलं होतं, पण नेमकी वीज गेलेली. मग पुन्हा येऊ म्हणाले.

आता बॅगांचं. कंपनीनं सगळ्यांना एकसारखी निळी बॅग दिली होती. कंपनीचा माणूस ती फाटेपर्यंत वापरतो आणि फाटली की शिवून वापरतो. रिळाची आमची बॅग दाराशी काढून ठेवली होती, यंत्राची ताईची तिच्या शेजारी. निघताना ताईचं सामान लोडरनं उचललं. जन्मभर त्यानं तेच केलं, हातात आली ती बॅग रिक्षात ठेवली. बोलण्याच्या नादात फोन नंबर घ्यायचा राहिला, हा दोष माझा.

संध्याकाळी मुलगा आला. बॅग उघडून बघतो तर रीळ नाही. मी म्हटलं, बॅग बदलली असेल रे. तो ऐकेना. म्हणाला, “आई, बाबांना घेऊन गेले ते.” आणि तडक इथे चौकीत आला. त्याला वाईट म्हणू नका.

आज सकाळी ती दोघं बॅग परत द्यायला येत असताना वसाहतीच्या फाटकावर तुमच्या हवालदारांनी त्यांना धरलं आणि बाकावर आणून बसवलं. साहेब म्हणाले, बॅगा सारख्या, मग रीळ आजींचंच कशावरून? लावून बघू. मुलानं आमच्याकडे राहिलेलं ताईचं यंत्र घरून आणलं. हवालदारांनी खिडक्या लोटल्या, भिंतीवरची फरारींची चित्रं उतरवली आणि तिथेच रीळ लावलं.

आधी आभाळ, मग खुर्च्यांमधून चहा नेणाऱ्या बायका. मग हे. उलटे चालत येतात, केस वाऱ्यानं उडतायत, दोन्ही हात वर, आणि एवढं मोठं विमान पाळलेल्या जनावरासारखं त्यांच्यामागे येतं. मी साहेबांना सांगितलं, हेच.

मग मुलगाच ताईकडे वळून म्हणाला, “मावशी, परत लावता का?” काल तिलाच त्यानं चोर म्हणून लिहून दिलं होतं. तिनं परत लावलं. तो भिंतीजवळ जाऊन उभा राहिला. म्हणाला, “आई, गाडी मागे घेणाऱ्याला मी असाच हात करतो ना?”

मी म्हटलं, हो, असाच. तुला कुणी शिकवलं नव्हतं.

माझी कुणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. मुलानं त्याची मागे घेतली आहे. लोडरचे, ताईचे, साहेबांचे आणि खिडक्या लोटणाऱ्या हवालदारांचे माझ्यावर उपकार आहेत, हे जबाबात बसत नसलं तरी असू द्या. मला कमी ऐकू येतं म्हणून हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मिशांचं गाळत होते, मी घालायला लावलं. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.

ती दोघं येत्या शनिवारी जेवायला येतो म्हणाली आहेत. मुलानं त्या दिवसाची रजा टाकली.