हाव म्हणणारे तात्या

आमच्या अक्काची गंमत सांगतो. ती लातूरला एका दवाखान्यात नर्स होती. रेणापूरचे एक तात्या साखरेच्या आजारात चक्कर येऊन दुसऱ्यांदा भरती झाले होते. मी अक्काचा डबा घेऊन तिथंच उभा होतो.

अक्का म्हणाली, “तात्या, इन्सुलिन टोचलं की अर्ध्या तासात जेवायचं. कळलं का?”

“हाव.”

“उपाशीपोटी शेतात जायचं न्हाई.”

“हाव.”

अक्कानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. “आणि ते इंजेक्शन बैलाला द्यायचं.”

“हाव.”

अख्खा वॉर्ड हसला. अक्का मात्र स्टूल ओढून बसली. “आता हाव म्हणायचं न्हाई. मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा.” तात्यांनी चारदा सगळं बरोबर सांगितलं, तेव्हा कुठं तिनं त्यांना सोडलं. त्यानंतर त्यांना चक्कर आली नाही.

अक्काला जाऊन आता महिना झाला. परवा तात्या भेटायला घरी आले.

“जेवलास का रे?”

“हाव.”

“काय खाल्लंस ते सांग.”

मला सांगता येईना.

“म्हणजे बैलाला दिलंस,” तात्या म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून भाकरी काढली.