शरीरशास्त्रात ब्याऐंशी

कौतिक आबा : ...धुळाना कालेजना कारकून म्हने, आबा, पोर हुशार शे, पन हाऊ अर्जना कागद आमना कामना नही. मास्तर, कागद त तुम्हीनच भरा व्हता ना?

तोताराम सर : मीच भरला होता. दाखवा इकडे, काहीतरी गफलत झाली असेल. अहो, पहिला वर्ग आहे! केंद्रात मुलींत पहिली आली ती.

(जून १९५६. नरडाण्याच्या अलीकडच्या एका गावातलं हायस्कूल, हेडमास्तरांची खोली. कौतिक आबा आणि त्यांची लेक प्रमिला धुळ्याच्या मोटारीतून उतरून घरी न जाता थेट इथे आली आहेत. मॅट्रिकच्या निकालाचे पेढे सरांनी याच खोलीत वाटले, त्याला चार दिवससुद्धा झालेले नाहीत.)

प्रमिला : गफलत नाही, सर. त्यांनी नियमांचं पुस्तक काढून दाखवलं. सायन्सला बीजगणित-भूमिती लागते. पदार्थविज्ञान, रसायन लागतं. माझं नुसतं अंकगणित आहे. आणि शरीरशास्त्र.

तोताराम सर : शरीरशास्त्रात ब्याऐंशी आहेत तुला! सांगितलंस का त्यांना?

प्रमिला : सांगितलं.

तोताराम सर : मग?

प्रमिला : शेजारच्या टेबलावरचे हसले. म्हणाले, शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र मुली पास व्हायला घेतात. डॉक्टरकीशी त्याचा काही संबंध नाही.

कौतिक आबा : माले त काही उमजनं नही. मी तठे इचारं बी, भाऊ, डाक्तर मानूसना आंगले हात लावस का बीजगणितले?

तोताराम सर : मलाही तसंच वाटलं होतं, आबा. नववीत ही म्हणाली, सर, मला डॉक्टर व्हायचंय. मी म्हटलं, मग शरीरशास्त्र घे. हृदय आलं, फुप्फुसं आली, डॉक्टराला आणखी काय लागणार? किती आनंदानं सांगितलं होतं मी!

कौतिक आबा : म्हंजे तुम्हले माहीत नव्हतं?

तोताराम सर : नव्हतं. मी मराठी घेऊन बी. ए. झालो. सायन्सच्या इमारतीची पायरीसुद्धा चढलो नाही कधी. आणि माहीत असतं तरी काय केलं असतं? गिरधर मास्तर सोडून गेल्यापासून बीजगणिताला माणूस नाही. विज्ञानाच्या नावानं एक कपाट आहे. त्यात एक होकायंत्र आणि दोन काचनळ्या.

प्रमिला : एकच नळी. दुसरी संमेलनात फुटली.

तोताराम सर : बघा. तीन वर्षं शाळेचा निकाल शंभर टक्के. गणितात एक पोर नापास नाही. कसं होईल? अवघड गणित कुणाला घेऊच दिलं नाही मी! तपासनीस साहेबांनी 'उत्तम' शेरा मारला आणि मी मूर्ख, फुगून गेलो.

कौतिक आबा : त्या शेरानं मी काय करू? नरडाणाना निंबा पाटील त्यासना पोऱ्यासाठे दोन साल थांबनात. त्यासले मी जबान दिधी, पोर सायन्सले लागनी त लगीन नही. नही लागनी त या जेठ महिनामाच उरकी टाकू.

तोताराम सर : आर्ट्सला घाला तिला. तिथं लगेच घेतील.

कौतिक आबा : मंग काय व्हई?

तोताराम सर : बी. ए. होईल.

कौतिक आबा : तुमनासारखी?

तोताराम सर : ...हो. माझ्यासारखी.

कौतिक आबा : वाईट वाटी लेवू नका, मास्तर.

तोताराम सर : नाही, खरं तेच बोललात. पण ऑक्टोबरात परीक्षा आहे. उरलेले विषय तेव्हा देता येतील. बीजगणित मी शिकवतो.

प्रमिला : तुम्हाला येतं, सर?

तोताराम सर : शिकेन. तुझ्यापुढे एक पान राहीन.

कौतिक आबा : आनि ते रसायन कोन शिकाडी? धुळाले कोना घर ठेवू वयमा उनेल पोर? मास्तर, तुम्हनावर मना राग नही. राग ऊना असता त बरं व्हतं. माले वाटे, शाळा म्हंजे रस्ता शे, चालत ऱ्हायनं का गाव येस. प्रमिला, तू बोल ना काही!

प्रमिला : मी काय बोलू, आबा? जबान तुम्हीन माले इचारीसनच दिधी. मीच सांगं व्हतं, लागसूच मी.

कौतिक आबा : चाल मंग. मास्तर, पंचमीनी तिथ आगोदरच धरेल शे, हळदले या नक्की. मी बाहेर फाटकजोडे थांबस. तू पाया पडीसन ये.

तोताराम सर : नको, प्रमिला. पाया नको पडूस. शिव्या दे मला.

प्रमिला : सर, यंदा दहावीत सहा मुली आहेत. माझी धाकटी बहीण सुमी पण आहे. त्यांना विषय कोणते दिलेत?

तोताराम सर : ...तेच.

प्रमिला : अजून तेच?

तोताराम सर : चार ठिकाणी पत्रं टाकलीत. सायन्सचा मास्तर या गावात यायला तयार नाही.

प्रमिला : मग त्यांना आजच सांगा.

तोताराम सर : काय सांगू?

प्रमिला : हेच. इथं शिकून डॉक्टर होता येत नाही.

तोताराम सर : सांगायलाच हवं. उद्या प्रार्थनेनंतर सांगतो सगळ्यांना. पण हे त्यांच्या घरी कळलं, की परवा त्या सहांतल्या किती जणींना शाळेत पाठवतील गं?

प्रमिला : मग आबांना मी समजावते. सुमीला सांगू नका, सर.