टाके किती पडले?

मंडळी, बसा. सावकाश बसा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल खांबाला टेका. देव काही रागवायचा नाही, उभं राहून राहून त्याचेही पाय भरून आले असतील!

आज एकच गोष्ट विचारते. दुसऱ्याचं दुखणं मोजायचं कशानं? धान्य मापानं मोजतो, कापड गजानं मोजतो. दुखणं? जखम केवढी, त्यावरून? की रडणं केवढं, त्यावरून? आणि जो रडतच नाही, त्याचं काय? तुम्ही म्हणाल, बाई, यात काय अवघड! अवघड नसेल तर मला सांगा. माझे केस पिकले विचार करून करून, अजून गोंधळ आहे. त्या गोंधळाचंच आज आख्यान लावलंय. विनायकराव, पेटीचा सूर धरून ठेवा, पण हळू. गोष्ट पुराणातली नाही हो — पोटातली आहे!

ऐका. साताऱ्याकडच्या एका खेड्यात हुलवळ्यांचं मोठं खटलं. त्या घरातली धाकटी सून भामा. चुलीपुढे भामा, दळणाला भामा, गोठ्यात भामा. तिच्या पोटात उजव्या अंगाला कळ यायची. अशी कळ की भाकरी तव्यावर टाकून बाई भिंतीला धरायची. सासूनं विचारलं, "काय झालं गं?" की उत्तर ठरलेलं — "काय न्हाई आत्या, जरा पित्त उसळलंय." शेवटी एकदा चुलीपुढेच कोसळली, तेव्हा बैलगाडी, मग एसटी, मग जिल्ह्याचं मोठं हॉस्पिटल. पित्ताच्या पिशवीत खडे!

ते हॉस्पिटल मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. आवारात भलीमोठी चिंच, चिंचेखाली नातेवाइकांचे स्टोव्ह, फोडणीचा आणि फिनेलचा वास एकत्र. माझी बहीण भामेच्या शेजारच्या खाटेवर होती, म्हणून हे सगळं मला पाहायला मिळालं.

तिथे होत्या डॉक्टर कर्णिकबाई. आवाज मऊ. भामेच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या. भामेचा नवरा दिनकर आणि सासू उशाशी उभे.

"भामाबाई, हे ऑपरेशन करायच्या दोन रीती आहेत. एक जुनी, पोट इथून इथपर्यंत उघडायचं. दुसरी नवी, दुर्बिणीची. बारीक भोकं पाडायची, पोटात हवा भरून ते फुगवायचं, आत दुर्बीण घालायची आणि पडद्यावर बघत बघत पिशवी काढायची. इथल्या सर्जनना दोन्ही येतात. पण बायकांना कोणत्या रीतीनं लवकर बरं वाटतं, याचा आम्ही अभ्यास करतोय. त्यात भाग घ्याल का? नाही म्हणालात तरी उपचार अगदी नीट होतील."

दिनकर पुढे झाला. "अभ्यास? म्हंजे तुमची परीक्षा अजून व्हायची हाय व्हय?"

हसा, हसा! पण त्याचं काय चुकलं? आपल्याकडे अभ्यास कोण करतं? ज्याला येत नाही तो!

सासूची शंका वेगळीच. "दुर्बीण माझ्या दिरानं जत्रंतनं आणली हुती. लांबचा डोंगर जवळ दिसायचा. हिचं पोट काय लांब हाय?"

मंडळी, यावर मात्र हसू नका. एका घरात राहून, एका ताटात जेवून, शेजारच्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला दिसतं? मग लांब नाही तर काय!

कर्णिकबाईंनी पुढचं सांगितलं आणि गोंधळ दुप्पट झाला. कोणती रीत ते चिठ्ठी टाकून ठरणार. आणि ऑपरेशन झाल्यावर सगळ्या बायकांच्या पोटावर एकसारखं मोठं बँडेज! आत लांब चीर आहे की बारीक भोकं, ते त्या बाईला कळायचं नाही, घरच्यांना नाही, आणि रोज विचारपूस करायला येणाऱ्या कर्णिकबाईंनाही नाही. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच ठाऊक, आणि ते गप्प!

"अन् ही लपवाछपवी कशापायी?" सासू म्हणाली.

"आजी, मोठं कापलंय असं कळलं की माणूस जास्त दुखतंय म्हणतं. बारीक भोकं आहेत म्हटलं की लाजून गप्प बसतं. आम्हाला खरं ऐकायचंय."

भामा म्हणाली, "घेते भाग." का म्हणाली? मला वाटतं, 'घ्याल का' असं तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं!

झालं ऑपरेशन. भामा शुद्धीवर आली आणि गावाकडून माणसांची रीघ लागली. आलेला प्रत्येक जण काय विचारतो? सांगा बरं? बरोब्बर! "टाकं किती पडलं?"

आता हे नीट ऐका, कारण सगळं घोडं इथेच अडलं. हुलवळ्यांच्या घरात जेवढे टाके तेवढा आराम! थोरली जाऊ शालन, तिचं बाळंतपण पोट फाडून झालं, टाके भरपूर, तर बाईला बाजेवरून उठू दिलं नाही. दिनकरच्या बोटाला एकदा विळा लागला, टाका एक — पण पुरुषाचा टाका! आठवडाभर शिरा खाल्ला गड्यानं! आणि भामेची सगळी बाळंतपणं बिनटाक्याची. ती न्हाणीतून उठली की चुलीपुढे. आता घरात नणंदेच्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. भामेनं पडून राहायचं की लग्नाच्या भाकऱ्या थापायच्या? ते टाक्यांवर. आणि टाके बँडेजखाली!

कर्णिकबाई आल्या. हातात एक पुठ्ठा, त्यावर एक सरळ रेघ. "भामाबाई, रेघेच्या या टोकाला अजिबात दुखत नाही. त्या टोकाला सहनच होत नाही. तुमचं आत्ताचं दुखणं कुठे आहे? बोट ठेवा."

भामेनं बोट उचललं आणि बघितलं कुणाकडे? सासूकडे!

"मधी ठेव. कुनाला वाईट नगं वाटाया," सासू म्हणाली.

शालन कानाशी लागली, "येडी का काय! पार शेवटाला ठेव. लगीन हाय घरात!"

दिनकर म्हणाला, "दुर्बीणच असणार. चेहरा कसा ताजा हाय बघा की!"

भामा गोंधळली. मग तिनं काय विचारावं? "बाई, टाकं किती ते तेवढं सांगा. मग सांगते किती दुखतंय."

अहाहा! विनायकराव, पेटी थांबवा. हे वाक्य पुन्हा ऐकू द्या लोकांना. टाके किती ते सांगा, मग सांगते किती दुखतंय! स्वतःच्या देहातलं दुखणं, आणि ते सांगायला दुसऱ्याचं माप हवं!

"टाके मलाही ठाऊक नाहीत," कर्णिकबाई म्हणाल्या. "आणि ठाऊक असते तरी दुखतंय तुम्हाला."

भामेनं डोळे मिटले. बोट रेघेवरून सरकत सरकत पलीकडच्या टोकापाशी गेलं. म्हणाली, "पोट न्हाई एवढं. खांदा. उजवा खांदा लई ठणकतोय."

सगळे खो खो हसले! दिनकर म्हणाला, "पोटाचं आप्रेशन अन् खांदा दुखतोय? गाडी घसरली व्हय गं?" सासू म्हणाली, "काम चुकवायचं तर जागा तरी धड सांग, भामे!"

झरकन बोट मागे आलं. अगदी पहिल्या टोकाला. "न्हाई न्हाई. कायबी दुखत न्हाई."

कर्णिकबाईंनी काही लिहिलं नाही. "कुठलं बोट लिहू? पहिलं की दुसरं?" भामेनं पुन्हा सासूकडे बघितलं. मग बाई उठल्या आणि मऊ आवाजातच म्हणाल्या, "सगळ्यांनी जरा चिंचेखाली जाऊन बसा."

खाटेभोवतीची गर्दी हटली. दोघीच उरल्या, आणि शेजारच्या खाटेशी पाठ करून बसलेली मी. विनायकराव, आता धरा सूर.

*देह झाकिला पट्टीने, मन झाकू मी कशाने?*
*कुणी पुसले मायेने, तरी खरे ये ना मुखी।*

पण आलं, मंडळी! बोट पुन्हा निघालं. थांबत थांबत आपल्या जागी गेलं. "खांदाच लिवा, बाई. पोट एवढं न्हाई. खांदा."

पुढे बँडेज काढायचा दिवस उजाडला. खाटेभोवती अख्खं हुलवळे घराणं, जणू नव्या नवरीचा घुंगट उघडायचाय! कापूस निघाला, पट्टी निघाली, आणि आत? बारीक बारीक भोकं. चिमटीएवढी.

"एवढंच?" सासू म्हणाली. "मग ते खांद्याचं सोंग?"

कर्णिकबाई म्हणाल्या, "सोंग नाही, आजी. पोटात भरलेली हवा थोडी आत राहते, वर छातीच्या पडद्याला लागते. तिथली नस आणि खांद्याची नस एकाच ठिकाणाहून निघतात. म्हणून हवा लागते तिथे दुखत नाही, कळ येते खांद्यात. पुष्कळ बायकांना येते. त्या सांगतात म्हणून आम्हाला कळतं."

पोटातली हवा, आणि कळ खांद्यात! दिनकरला काही समजलं नाही. खरं सांगू? मलाही धड समजलं नव्हतं. पण कळ होती. समजली नाही म्हणून नव्हती, असं कुठे असतं?

सासूला मात्र हिशोब समजत होता. "टाकं थोडं. तवा घरी गेल्यावर चुलीपुढं बसायचं."

आणि भामा बोलली. "आत्या, टाकं थोडंच हाईत. पर दुखतंय. मी आत्ता चुलीपुढं बसनार न्हाई. बरं वाटलं की सांगंन. मीच सांगंन."

शालननं श्वास धरला. दिनकर आढ्याकडे बघायला लागला. सासू रागानं उठली, आणि उठताना कमरेवर हात ठेवून मधेच थांबली. तशीच वाकून उभी राहिली. मग खाली बसली. कुणाकडे न बघता म्हणाली, "तू ह्या घरात यायच्या आधीपास्नं दुखती ही कंबर. टाका न्हाई एकबी. कुनाला सांगनार?"

आणि भामेनं, खाटेवर पडल्या पडल्या, काय विचारलं असेल? "किती दुखती, आत्या?"

म्हातारीनं तोंड उघडलं. पदर तोंडाला लावला. किती दुखतंय हे सांगायची तिला सवयच नव्हती!

लग्नात भाकऱ्या दिनकरनं थापल्या असं म्हटलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल. तसं काही झालं नाही. आचारी बोलावला. नवऱ्याकडच्यांनी भाकऱ्यांना नावंही ठेवली.

त्या दिवशी हॉस्पिटलातून निघताना मी कर्णिकबाईंना विचारलं, "मग कोणती रीत चांगली ठरली?" त्या म्हणाल्या, "एका बाईवरून कसं ठरणार? अजून पुष्कळ जणींना विचारायचंय." एवढ्या शिकलेल्या बाई, आणि म्हणतात, अजून विचारायचंय! आणि आपण? उंबऱ्यातूनच ठरवतो — याला काय झालंय, तिला काय दुखतंय, सगळी नाटकं!

मंडळी, त्या वॉर्डात मी वळून पाहिलं. एक बाई खाटेवर येऊन बसलेल्या नवऱ्याचा पाय चेपत होती, एक डोळे मिटून पडली होती, एक उगीच हसत होती. कुणाला किती दुखत होतं? मला तोंडावरून सांगता येईना. आत्ता तुमच्याकडे बघतेय, तरी येत नाहीय.

तेव्हा ज्यानं दुखणारं पोट दिलं आणि ते सांगायला तोंडही दिलं, त्याचं नाव घ्या आणि उठा. प्रसाद घ्या. घरी जा. आणि जिला रोज नुसतं 'जेवायला वाढ' म्हणता, तिच्यासमोर बसा. विचारा, "किती दुखतंय?" ती आधी हसेल. विषय बदलेल. पाणी आणायला उठेल. उठू द्या. पण तुम्ही उठू नका!