विनावॉरंट व्हायोलिन

—छे हो, ते दार चोरांनी नाही, पोलिसांनी मोडलंय. चोर कशाला येतील माझ्याकडे? बसा, तुमच्या व्हायोलिनची खुंटी सैल झालीय, आत्ता बसवून देतो. तर काय सांगत होतो — हां, दार. नाट्यगृहातून एक जुनं व्हायोलिन गेलं आणि इन्स्पेक्टरसाहेबांच्या मनानं घेतलं, की ते याच दुकानात असणार. आता वॉरंट आणावं की नाही? पण साहेबांना घाई. घातली लाथ, घुसले, माळ्यावरून व्हायोलिन काढलं. होतं ना — होतंच, नाही कुठं म्हणतोय मी! पण कोर्टात आमच्या वकीलबाईंनी एवढंच विचारलं, दार कुणाला विचारून मोडलंत? साहेब आपले छताकडे बघतायत. न्यायाधीश म्हणाले, कायदा मोडून आणलेला पुरावा मी बघणार नाही. म्हणजे व्हायोलिन समोर टेबलावर, अख्खं कोर्ट त्याच्याकडे बघतंय, आणि कायद्याच्या लेखी ते तिथे नाहीच! मला हसू आवरेना. बायकोनं असा चिमटा काढला, वळ आहे अजून.

अन्याय कसला त्यात? उद्या तुमच्या दारावर लाथ बसली की कळेल. साव असो नाहीतर चोर, दार ते दारच. — नाही, निर्दोष सुटलो असं नाही म्हणाले न्यायाधीश. रीतसर काही हाती लागलं तर खटला पुन्हा उभा राहील म्हणाले, आणि मग मात्र मी खडी फोडायला. बायकोची झोप उडालीय त्या धास्तीनं. मी म्हणतो, लागतंय कशाला हाती?

काय? तारांवर फिरवायचा गज हवाय, चांगलासा? आहे की! गंमत सांगू — साहेबांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही. व्हायोलिन नेलं आणि त्याचा गज इथंच विसरले! दैव देतं न् कर्म नेतं, दुसरं काय. या ना आत, उंबऱ्यात काय उभे? कपाट उघडू का म्हणून काय विचारताय, हे बघा, उघडलं. घ्या, बिनधास्त हातात घ्या. खाली नाट्यगृहाचा शिक्का आहे बारीकसा, तो घासून देतो.

हे काय काढलंत खिशातून? ओळखपत्र? — फोटो तुमचाच की. वर्दीत वेगळे दिसता.

अरे देवा. लाथ नाही, आरडाओरडा नाही... मीच या म्हटलं, मीच दाखवलं.

वकीलबाईंना फोन करू द्या. आणि त्या येईपर्यंत मला काही विचारू नका, मी एक अक्षर बोलणार नाही.